ब्रेक दाबताच गाडी थरथरते तेव्हा

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना, किंवा सासवडहून दिवे घाट उतरून पुण्याकडे येताना, ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग हातात थरथरू लागले, तर बहुतेक गॅरेजमध्ये 'डिस्क वाकडी झाली, बदलून टाका' असे ताबडतोब सांगितले जाते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंनी पॅड जिला दाबून धरतात ती धातूची चकती. ती खराब झालेली असू शकते. पण ती का खराब झाली हे न शोधता नवी बसवली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येण्याची दाट शक्यता असते. म्हणून आधी कारण शोधावे आणि खर्चाचा विचार नंतर करावा.

पहिली तपासणी रस्त्यावरच होते. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला गाडी हादरत असेल, तर दोष बहुधा टायरच्या बॅलन्सिंगमध्ये किंवा वाकलेल्या रिममध्ये असतो. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर पुढची चाके पाहावीत. स्टिअरिंग स्थिर राहून सीट आणि पेडल थरथरत असेल, तर मागची. हातब्रेकचा लिव्हर असलेल्या गाडीत मोकळ्या, सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाला लिव्हरचे बटण दाबून धरून हातब्रेक हळूहळू ओढावा. तेव्हाही गाडी थरथरली, तर मागच्या ड्रमची (चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्याची) गोलाई बिघडली आहे असे समजावे. ओल्या किंवा खडी पसरलेल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडते, ते एबीएसचे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) काम आहे, दोष नव्हे.

आता चाक काढायचे. गाडी सपाट जागेवर उभी करून दुसऱ्या चाकांना उटी लावावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली स्टँड द्यावेत. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसावी. चाक वर-खाली आणि आडवे धरून हलवावे. खुळखुळ जाणवली, तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड (चाक फिरवणारे आणि वळवणारे सांधे) आधी दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, पाहावा. तो ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या हाताने सहज पुढे-मागे झाल्या पाहिजेत. पावसाळ्यात पिनेचे रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी गेले की पिन गंजून अडकते, पॅड डिस्कला सतत घासत राहते आणि डिस्क एका बाजूने तापते. एकाच डिस्कच्या एका बाजूचे पॅड झिजलेले आणि दुसरे जाड असेल, तर हेच घडले आहे. पिन साफ करून तिला ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे डिस्क आणि हब (डिस्क व चाक ज्यावर बसते तो मधला भाग) यांच्यामधली सपाट बाजू, आणि माझ्या मते निम्मी कथा तिथेच असते. तिथे गंजाची पापडी अडकली, तर डिस्क हबवर किंचित तिरकी बसते, आणि मध्याजवळचा हा तिरकेपणा डिस्कच्या कडेला पोहोचेपर्यंत दुपटीने वाढलेला असू शकतो. तिरकी डिस्क फिरताना पॅडला दर फेरीत त्याच ठिकाणी स्पर्श करते, तिथे हळूहळू झिजते, आणि जाडीतला अवघा ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो. म्हणूनच ही थरथर नव्या डिस्कवर लगेच न येता काही महिन्यांनी येते. डिस्क काढण्यापूर्वी तिच्यावर आणि हबवर एक खूण करावी, दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावेत आणि डिस्क नट लावून घट्ट बसवावी. मग नकलला (हबला धरून ठेवणाऱ्या, न फिरणाऱ्या भागाला) डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून डिस्क हाताने फिरवावी. बहुतेक गाड्यांत काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. जास्त हलला, तर डिस्क हबवर एका नटाच्या जागेइतकी पुढे फिरवून पुन्हा मोजावे. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. मायक्रोमीटरने कडेपासून सेंटीमीटरभर आत आठ ठिकाणी जाडी मोजावी. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाणार नसेल, तर लेथवर फेस मारून (पृष्ठभाग कातून सपाट करून) घेता येते. नाहीतर पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड जोडीनेच आणावेत.

चाक लावताना नट आमने-सामने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. हवेच्या गनने एकदम ठोकून आवळलेले नट डिस्कवर असमान दाब आणतात. शेवटचा आवळा टॉर्क पान्याने द्यावा. लहान मोटारींसाठी तो बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण हँडबुकमधला आकडा प्रमाण मानावा. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्यावे.

नव्या पॅडना रुळवणे आवश्यक आहे. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गाडी मंदावावी, पण पूर्ण थांबू नये, आणि मधे थोडे अंतर चालवून ब्रेक गार होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर एकाच ठिकाणी चिकटतो. घाट उतरून लगेच सिग्नलला थांबतानाही म्हणूनच शक्य असेल तिथे हातब्रेक वापरावा. सिंहगडावरून उतरताना दुसरा गिअर ठेवावा आणि खाली येऊन लगेच डिस्कवर पाणी मारू नये.

इतके करूनही थरथर राहिली, तर लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) मागचे रबरी बुश तपासावे. ते फाटलेले असेल, तर ब्रेकचा किरकोळ दोषही अनेक पटींनी मोठा जाणवतो.