नवीन सिंगल आलं की त्याचा चार्ट कसा वाचायचा

शुक्रवारी सिंगल, म्हणजे सुटं एक गाणं, येतं आणि शनिवारी सकाळीच लोक फ्लॉप-हिटचा निकाल लावून मोकळे होतात, ते माझ्या मनाला खरंच लागतं, कारण तेव्हा मोजणीचा आठवडा नुकताच सुरू झालेला असतो. म्हणून इतकी वर्षं चार्ट, म्हणजे कोणतं गाणं किती चाललं याची क्रमवारी, बघताना जे कळलंय ते सांगते.

आधी तारखा लावून घ्या. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, मोजणीही शुक्रवार ते गुरुवार. गाणं ५ तारखेला आलं तर ब्रिटनचा ऑफिशियल चार्ट १२ तारखेच्या शुक्रवारी लागतो, पण अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या चार्टमध्ये तोच आठवडा साधारण १६ च्या मंगळवारी दिसतो आणि वर तारीख असते २० ची! मी सुरुवातीला यातच गोंधळायचे, भलत्याच आठवड्याचे आकडे जोडायचे. आणि स्पॉटिफायचा रोजचा चार्ट म्हणजे फक्त एका अ‍ॅपचा हिशोब, त्यावरून अंदाज घ्या, निकाल लावू नका.

मग मोजतात काय ते बघा. हॉट १०० मध्ये स्ट्रीम्स (म्हणजे ऑनलाइन ऐकणं), विक्री आणि रेडिओ तिन्ही धरतात, ब्रिटनमध्ये रेडिओ धरतच नाहीत. तिथे पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम्स म्हणजे एक विक्री, फुकट ऐकणाऱ्यांचे मात्र ६०० लागतात. त्यामुळे एकच गाणं इकडे वर आणि तिकडे खाली असं होतं, त्यात कुणाची लबाडी नसते. रेडिओ तर फारच हळू चालतो, स्टेशनवाले आधी कमी वेळा वाजवतात, लोकांना आवडतंय असं दिसलं की वाढवतात, म्हणून अमेरिकेत गाणं आधी घसरून दोन महिन्यांनी परत चढताना दिसलं तर चकित होऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या आठवड्याचा नंबर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा बघायचा. पहिल्या आठवड्यात फॅन्स येतात, डाउनलोड घेतात, सीडी घेतात, रीमिक्सही घेतात, ते प्रेम खरंच असतं, पण गाणं फॅन्सच्या बाहेर गेलं की नाही ते नंतरच कळतं. ३ वरून ११ वर आलं तर ठीक चाललंय, ३ वरून थेट ५५ वर गेलं तर बाहेरच्यांनी फारसं ऐकलेलं नाही. आणि उलटंही होतं, ग्लास अ‍ॅनिमल्स या ब्रिटिश बँडचं 'हीट वेव्ह्ज' २०२० मध्ये आलं आणि हॉट १०० वर तब्बल ५९ आठवडे काढून २०२२ च्या मार्चमध्ये एक नंबरला पोचलं, पहिल्याच महिन्यात कुणी त्याला फ्लॉप म्हटलं असतं तर?

घसरण दिसली की आजूबाजूलाही बघा. एखाद्या मोठ्या कलाकाराचा अल्बम त्याच आठवड्यात आला की त्याची डझनभर गाणी एकदम हॉट १०० मध्ये घुसतात आणि तुमचं गाणं तेवढंच ऐकलं जात असूनही खाली सरकतं. ब्रिटनमध्ये मुख्य कलाकाराची एका वेळी तीनच गाणी घेतात म्हणून तिथे हा त्रास कमी. डिसेंबरात ख्रिसमसची जुनी गाणी परत येतात, मरायाह कॅरीचं १९९४ चं गाणं २०१९ च्या डिसेंबरात हॉट १०० वर पहिलं आलं होतं. डिसेंबरात पडलेलं गाणं जानेवारीत परत तपासा. ब्रिटनमध्ये अजून एक नियम आहे, गाणं बरेच आठवडे चार्टवर राहून सलग ३ आठवडे घसरलं की त्याच्या स्ट्रीम्सचं वजन अर्धं करतात, म्हणून ते एकदम धपकन खाली दिसतं.

जुन्या काळाशी तुलना करताना जपून. १९९८ च्या डिसेंबरापर्यंत दुकानात सिंगल म्हणून विकायला नसलेलं गाणं हॉट १०० मध्ये यायचंच नाही, मग रेडिओवर दिवसरात्र वाजत असलं तरी.

गोल्ड-प्लॅटिनम, म्हणजे गाण्याच्या एकूण खपाची सर्टिफिकेट्स, हे वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेत ५ लाख युनिट्सना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, आणि १५० स्ट्रीम्सचा एक युनिट. हा आकडा रिलीजपासून साठत जातो आणि कंपनीने अर्ज केल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, त्यामुळे प्लॅटिनमची बातमी आज आली म्हणजे गाणं आज चालतंय असं धरू नका, तो आकडा कदाचित कधीच पार झालेला असतो.