बाल्कनीत गांडूळ खत करायचंय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे पावसात अंगणात दिसतात ती गांडुळं उचलून टबात टाकू नका, ती बहुतेक माती खाऊन खोल बिळं करणारी असतात (जमीन भुसभुशीत करतात, पाणी मुरवतात, त्यांना तिथंच राहू द्या). आपल्याला हवीत आयसेनिया फेटिडा, लालसर, वरवरचा कुजका पाला खाणारी, नर्सरीत विचारा.

टबाला खाली भोकं, तळाला नारळाच्या शेंड्या, वर जुनं शेण. ताजं अजिबात नको, ते तापतं आणि सगळी मरतात. मग गांडुळं सोडायची आणि भाजीची देठं, केळ्याची सालं थोडी थोडी द्यायची, लिंबू, तेल-मिठाचं उरलेलं, मटण-मासे नाही म्हणजे नाही.

खरी गंमत ओलीची, गांडूळ कातडीनेच श्वास घेतं ना, त्यामुळे सुकलं तरी मेलं आणि पाणी साचलं तरी गेलं. मूठभर घेऊन दाबा, हात ओला व्हावा पण धार लागू नये. वर ओलं गोणपाट.

दीड-दोन महिन्यांत चहापावडरसारखे काळे दाणे दिसतात. मग 3-4 दिवस पाणी बंद, गांडुळं खाली जातात, वरचं खरवडून घ्या आणि कुंडीला दोन मुठी घाला, बास.