टर्मिनलवरून क्वेरी: संत्र्याच्या हिशोबापुरतं बॅश अन् एसक्यूलाइट

माझ्या मित्राच्या वडिलांची नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये अडत आहे. आंबिया बहार सुरू झाला की काटोल-नरखेडकडून संत्र्याच्या गाड्या येतात अन् काकांना रोज सकाळी एकच गोष्ट पाहिजे, काल कोणत्या गावाचा किती माल आला अन् काय भाव लागला. पोरगा रोज पहाटे उठून डेटाबेस उघडून एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करून राहिला होता. म्हटलं काहून बे, बॅशच्या (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) पाच ओळींचं काम आहे हे. पाचच ओळी निघाल्या, पण त्या नीट बसायला आठवडा गेला, म्हणून लिहून राहिलो. (कमांडची नावं मी देवनागरीत सांगतो, टाइप इंग्रजीतच करा राजेहो.)

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतला कारण सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. टर्मिनलमध्ये एसक्यूलाइट३ लिहा, मग डेटाबेस फाइलचं नाव, मग कोटमध्ये क्वेरी (डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेला प्रश्न) अन् एंटर, झालं. एसक्यूलाइट३ च्या लगेच नंतर डॅश हेडर अन् डॅश सीएसव्ही लावलं की कॉलमच्या नावांसकट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला तक्ता) मिळते, ती मोठ्या-पेक्षा च्या चिन्हाने फाइलमध्ये वळवायची. रिपोर्टच काढायचा असेल तर डॅश रीडओन्ली पण लावा, म्हणजे झोपेत चुकून डिलीट लिहिलं तरी डेटा जागेवर राहते.

आता कोट. सगळ्यात जास्त डोकं इथेच खर्च होते. एसक्यूएलमध्ये मजकूर सिंगल कोटमध्ये असते, म्हणून आपण बाहेरून डबल कोट लावतो, अन् बॅश डबल कोटच्या आत डॉलर दिसला की त्याला व्हेरिएबल समजते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाले टेबलच्या नावाला बॅकटिक (उलटा कोट) लावतात, तो डबल कोटमध्ये आला तर बॅश चक्क टेबलच्या नावाची कमांड चालवायला धावते. यावर माझा एकच उपाय आहे, दोन ओळींच्या वर क्वेरी गेली की वेगळ्या फाइलमध्ये टाका अन् लहान-पेक्षा च्या चिन्हाने आत सोडा. स्क्रिप्टमध्येच (कमांड लिहून ठेवलेली फाइल) ठेवायची असेल तर हिअरडॉक (ईओएफ अशा दोन खुणांच्या मधला मजकूर) वापरा पण सुरुवातीच्या ईओएफला सिंगल कोट लावा, मग बॅश आतल्या कशालाच हात लावत नाही. फाइलमधून चालवताना डॅश बेल (बी-ए-आय-एल) विसरू नका, नाहीतर मधली क्वेरी फेल झाली तरी एसक्यूलाइट पुढच्या चालवतच राहते.

शेतकऱ्याचं किंवा गावाचं नाव बाहेरून येणार असेल तर ते क्वेरीत सरळ चिकटवू नका. एखाद्या आडनावात सिंगल कोट आला की क्वेरी तुटली, अन् कोणी मुद्दाम काही टाकलं तर टेबलच गेलं. अशा वेळी मी बॅशचा नाद सोडून पायथन ही भाषा घेतो, त्यात क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं अन् खरं नाव वेगळं द्यायचं.

अन् आता आमची फजिती. तारखेसाठी मी एसक्यूलाइटलाच डेट फंक्शनमध्ये नाऊ अन् मायनस एक दिवस सांगितलं. दुपारी टेस्ट केली, एकदम बरोबर. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) पहाटे ५ ची वेळ लावली तर रोज परवाचा माल दाखवून राहिला, काका म्हणे हे तर शिळं आहे. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं की नाऊ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे ५ ला तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, त्यातून एक दिवस वजा केला की परवा. नाऊच्या लगेच नंतर लोकलटाइम टाकलं, विषय संपला.

क्रॉनची अजून एक खोड आहे. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की ते नवी ओळ समजल्या जाते, म्हणून डेट कमांडचा फॉरमॅट किंवा लाइकवाली (नावाचा तुकडा शोधणारी) क्वेरी, ज्यात टक्का येते, तिथे लिहू नका, सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा अन् क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या.

स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट डॅश ई अन् पाइपफेल लावा, म्हणजे कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. रिपोर्ट आधी टेम्प फाइलमध्ये काढा, नीट निघाला तरच एमव्हीने (फाइलचं नाव बदलणारी कमांड) खऱ्या नावावर आणा, नाहीतर फेल झालेल्या दिवशी काकांना रिकामा कागद जाते अन् त्यांना वाटते मालच नाही आला. दुसरीकडे कोणी एंट्री करत असेल तर डेटाबेस लॉक्ड असा एरर येते, डॉट टाइमआउट ५००० दिलं की पाच सेकंद वाट पाहते. अन् बॅकअपसाठी सीपी (फाइल कॉपी करणारी कमांड) नका मारू, डॉट बॅकअप आहे ना.

पोस्टग्रेस, मायएसक्यूएलवाल्यांसाठी थोडक्यात: पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, पीजीपास (पोस्टग्रेसची पासवर्ड फाइल) किंवा माय डॉट सीएनएफ (मायएसक्यूएलची) फाइलमध्ये ठेवा अन् तिला ६०० परमिशन द्या, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते, पीजीपासची परमिशन सैल असली तर पोस्टग्रेस ती वाचतच नाही. पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसची टर्मिनल कमांड) ऑन एरर स्टॉप सांगा, म्हणजे एरर आला की ते थांबते.

शेवटी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर काटोल, नरखेड, सगळ्यांच्या जागी किडेमकोडे! डेटा बरोबर होता, एक्सेलला यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं साठवायची पद्धत) ओळखता येत नव्हतं. फाइलच्या सुरुवातीला प्रिंटएफने ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट टाकले अन् मग क्वेरीचं आउटपुट त्याखाली जोडलं, दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाता खाता काकांनी काटोलचा भाव वाचून दाखवला.