पावसाआधी लॉनची तयारी: आधी लव्हाळा, मग बाकी सगळं

ठाणे-नवी मुंबईत ज्यांचं रो हाऊस आहे किंवा तळमजल्याच्या फ्लॅटसमोर थोडी मोकळी जागा आहे त्यांनी लॉनचं काम एप्रिलच्या शेवटी काढा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतो आणि त्याआधी माती तीन आठवडे नुसती रिकामी ठेवायचीय. मागच्या वेळी माझं हेच राहिलं, लाल माती आली, पसरली, लगेच वर तयार लॉनचं कार्पेट अंथरलं आणि जुलैत लॉन कमी, लव्हाळा (जमिनीखाली गाठी धरणारं चिवट तण) जास्त.

खुरपं, पाइप, हातमोजे, लॉन कापायच्या मशीनच्या पात्याला धार, हे सगळ्यांना माहितीये. उतार मात्र बघा, घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटाला दोनेक इंच तरी हवा, नाहीतर जुलैत पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात.

आता माती. ट्रकवाल्याकडून एक ब्रास (शंभर घनफूट) घ्या नाहीतर नर्सरीतून गोण्या आणा, त्यात लव्हाळ्याच्या गाठी असणारच असं धरूनच चाला. वरून काही दिसत नाही. शेंगदाण्यापेक्षा लहान, काळपट तपकिरी, वर तंतू असलेली गाठ मातीच्या ढेकळासारखीच दिसते, नखाने खरवडली की आतून पांढरी निघते आणि वास येतो. म्हणून माती पसरा, सपाट करा, रोज पाणी मारा आणि थांबा. लॉन लावू नका, थांबा. आठवड्याभरात हिरवे टोकदार कोंब वर येतील. काडी दोन बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागल्या की तो लव्हाळा, गवताची काडी गोल नाहीतर चपटी लागते.

कोंब ओढून उपटू नका, प्लीज. ओढला की पात तुटून हातात येते आणि गाठ खाली तशीच राहते. या गाठी जमिनीखाली एकमेकींना बारीक मुळाने जोडलेल्या असतात, टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, साखळी तुटली की झोपलेल्या गाठीसुद्धा फुटतात. म्हणजे एक उपटला की चार. खुरपं वीतभर खोल घाला, माती सैल करा, माळच्या माळ बाहेर काढा आणि बादलीत टाका, कोपऱ्यात नाही, कंपोस्टमध्ये तर नाहीच. पुन्हा पाणी, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. तीन आठवडे म्हणतेय कारण कोंब फुटल्यावर महिन्याभरात नवीन गाठी धरायला लागतात, त्याआधी दोन-तीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. माळी म्हणेल ताई पाऊस येईल, आत्ता लावून टाकू. ऐकू नका. लॉनखाली गेलेला लव्हाळा नंतर लॉन फाडल्याशिवाय निघत नाही. प्लास्टिक अंथरून उन्हात तापवलं तर बाकीच्या तणांचं बी बरंच मरतं, पण लव्हाळ्याच्या खोल गाठी वाचतात आणि त्याचं टोक प्लास्टिक भोकसून वर येतं. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉन लावून झाल्यावर मारलं तर लॉनही जातं.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, हातात घेतलं तर गरम लागायला नको आणि शेणाचा वास यायला नको. कच्च्यातून तणाचं बी येतं.

पहिले पाऊस झाले की लावा. जूनअखेर टाकळा उगवेल, कोवळा असतानाच खुडा, भाजी होते, बाजारात हाच जुड्या बांधून विकायला असतो. केना मुळासकट काढा, तुकडा ओल्या मातीत पडला तरी जगतो. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, त्याने अंगाला खाज येते. आणि लव्हाळा रोज बघा, एक दिसला तरी खुरप्यानेच, ओढून नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या लॉनवर चालू नका, माती दबते. उघडीप मिळाली की कापा, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाच्या वर नाही, वाढू देऊन एकदम बुडापर्यंत कापलं की खाली पिवळ्या काड्या उरतात आणि उघड्या जागेत तण शिरतं. मुसळधार पावसात युरिया टाकू नका, वाहून जातो.

ऑक्टोबरमध्ये वरून चाळलेली माती आणि शेणखत, पातळ थर. ही मातीसुद्धा आधी वेगळी पसरून, भिजवून, तीन आठवडे थांबून, गाठी काढूनच टाका. चाळणीतून बारीक गाठी पडतात, चाळली म्हणजे झालं असं नाही.

थंडीत वाढ मंदावते, पाणी दोन-तीन दिवसांनी, सकाळी. उन्हाळ्यात जरा उंच ठेवा, पाणी खोलवर द्या, नुसतं शिंपडू नका. खाडीजवळ बोअरचं पाणी खारट असेल तर शेंडे करपतात, तिथे नळाचं पाणी द्या.