लाकूड फोडायचं तर आधी ओंडका वाचायला शिका

लाकूड फोडायला ताकद लागते असं जवळपास सगळ्यांना वाटतं, त्यामुळे पहिल्या दिवशी जो तो दातओठ खाऊन कुऱ्हाड हाणतो, पाच मिनिटात दम लागतो, हाताला फोड येतात आणि ओंडका तिथेच बसलेला. ज्याला हे काम येतं त्याला जरा निरखून बघा. तो घाव घालायच्या आधी ओंडका हातात फिरवून बघतो, उलटा करतो, परत ठेवतो, आणि मग एकाच घावात दोन फोडी. मला या कामात सगळ्यात जास्त मजा त्या बघण्यातच येते.

काय बघायचं? ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर भेगा दिसतात ना, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या, त्या आधी शोधा. लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मं, म्हणून त्या भेगा अशाच पडतात. म्हणजे कुठे फुटायचं ते लाकडाने आधीच ठरवलंय, तुम्ही फक्त त्या भेगेच्या रेषेत पातं उतरवायचं. मग गाठी बघा. जिथून फांदी फुटली होती तिथे लाकडाच्या शिरा वळसा घालून जातात आणि गाठीतून आडवं फोडायला गेलात तर कुऱ्हाड नुसती अडकते, त्यामुळे गाठ एका फोडीत अख्खी राहील असा घाव गाठीच्या बाजूने टाका, आणि गाठ एका टोकाजवळ असेल तर ते टोक खाली ठेवा म्हणजे सुरुवात सरळ लाकडात होते. साल तिरकी गोल फिरत गेली असेल तर आत पीळ आहे समजा. आणि दोन फांद्यांच्या बेचक्याचा तुकडा, तो सरळ बाजूला ठेवा, शेवटी पाचर आणि घण घेऊन बघू, नाहीतर करवतीने कापू.

निलगिरीसारखी काही लाकडं ओली असतानाच बरी फुटतात, वाळली की हट्टी होतात. उलट बरीच लाकडं टोकाला भेगा पडेपर्यंत थोडी वाळली की कमी त्रास देतात. हे प्रत्येक झाडाचं वेगळं, दोन-चार ओंडके फोडून बघितले की हाताला कळतं. लांबी ३० ते ४० सेंमी असली तर उत्तम, जितका लांब ओंडका तितकं काम वाढतं.

आता कुऱ्हाड. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, ती आडव्या शिरा कापायला बनवलेली, उभ्या लाकडात ती घुसते आणि घुसूनच राहते. फोडायला जाड, पाचरीसारख्या पात्याची कुऱ्हाड हवी कारण तिचं खरं काम कापणं नाही, लाकूड दोन्हीकडे ढकलणं आहे. जड म्हणजे चांगली असंही नाही हं. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट होते, म्हणून दोन-अडीच किलोची कुऱ्हाड जी तुम्हाला वेगात आणि नेमकी फिरवता येते ती चार किलोच्या धुडापेक्षा जास्त काम करते, आणि तासाभराने खांदेही जागेवर असतात. दांडा हलतोय का ते रोज बघा. पातं सैल झालं की काही लोक ते पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड फुगतं आणि तेवढ्यापुरतं घट्ट होतं, पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं आणि मग पातं निसटून कुणाच्या अंगावर गेलं तर? नवीन पाचर ठोका, दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल पाजा.

ओंडका जमिनीवर ठेवून फोडू नका, पातं दगडा-मातीत गेलं की धार गेली. खाली रुंद, भक्कम ठोकळा हवा, गुडघ्याएवढा किंवा त्याहून थोडा बुटका, आणि ओंडका ठोकळ्याच्या मधोमध नाही तर तुमच्यापासून लांबच्या कडेकडे ठेवायचा, म्हणजे घाव चुकला तरी पातं ठोकळ्यात जातं, नडगीवर येत नाही. ही एक सवय लागली तरी अर्धी भीती जाते. बंद जाड बूट आणि डोळ्यांना गॉगल पाहिजेच, आणि आजूबाजूला चार-पाच मीटरमध्ये कोणी नको, लहान मुलं तर अजिबात नकोत.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, हात सरळ करून पातं ओंडक्यावर टेकवा, ते तुमचं अंतर. एक हात दांड्याच्या टोकाला, तो हलत नाही. दुसरा हात पात्याजवळ, आणि कुऱ्हाड वर जाऊन खाली यायला लागली की तो हात दांड्यावरून घसरत खालच्या हाताला येऊन मिळतो. वरून खाली येताना जोर लावत बसू नका, वजनाला पडू द्या, तुम्ही फक्त दिशा द्या आणि शेवटी गुडघे वाकवा. नजर ओंडक्यावर जिथे पातं उतरवायचंय त्या बिंदूवर ठेवा, पण मनात मात्र घाव खालच्या ठोकळ्यापर्यंत जाऊ द्या, नाहीतर हात नकळत वरच थांबतो. मोठा ओंडका मधोमध फोडायचा हट्ट नको, कडेने एकेक फळी सोलत आत या. आणि घाव तुमच्या जवळच्या कडेला घाला, पलीकडे गेला की पात्याऐवजी दांडा ओंडक्याच्या कडेवर आपटतो, बहुतेक दांडे असेच मोडतात.

कुऱ्हाड अडकली तर डावीउजवीकडे हिसके देऊ नका, दांड्याच्या टोकावर वरून खाली तळव्याने दणका द्या, बहुतेक वेळा सुटते. दुसऱ्या कुऱ्हाडीने तिच्या मागच्या बाजूवर हाणायचं मात्र कधीच नाही, पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

एक जुना टायर मिळाला तर ठोकळ्यावर पक्का बसवा आणि ओंडका त्याच्या आत उभा करा. फोडी इकडेतिकडे उडत नाहीत, दर घावाला वाकून उचलावं लागत नाही, तुम्ही टायरभोवती फिरत फिरत घाव घालत जाता आणि तेव्हा जी लय लागते ना, ती खरंच सुंदर असते, श्वास आणि घाव एकत्र चालतात. नीट फुटताना आवाजही वेगळा येतो, कोरडा, मोकळा, आणि पाठोपाठ ताज्या लाकडाचा वास. दमलात की थांबा, दमलेल्या हाताचा नेम चुकतो.

फोडी मनगटाएवढ्या ते त्याच्या दुप्पट जाडीच्या पुरतात. थप्पी जमिनीपासून वर, दोन आडव्या बल्ल्यांवर रचा, वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा, वारा खेळायला हवा. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की जळायला योग्य. ओलं लाकूड पेटवलं तर त्यातलं पाणी वाफ होण्यातच उष्णता जाते, आणि शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपटीहून जास्त ते पाणी वाफ करायला लागते, म्हणून ओल्या लाकडाने नुसता धूर होतो. वाळलं का ते बघायचं तर दोन फोडी एकमेकींवर आपटा. ओल्या असतील तर थप्प असा मेलेला आवाज येतो, वाळलेल्या असतील तर टण्ण वाजतात.