अल्फा-१ अँटीट्रिप्सिनचा अहवाल वाचताना या चुका टाळा

जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी न्यूट्रोफिल इलॅस्टेज नावाचे विकर सोडतात. त्याने फुप्फुसाचे लवचीक तंतूही खाऊ नयेत, म्हणून यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन त्याला जखडून निकामी करते. नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत या तपासणीच्या बाबतीत सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे ऐन आजारपणात नमुना घेणे. शरीरात दाह वाढला की हे प्रथिनही वाढते आणि कमतरता झाकली जाते.

सातपूरचा चाळिशीतला एक कामगार न्यूमोनियासाठी दाखल असतानाच त्याची पातळी मोजली गेली होती. ती डेसिलिटरला ११४ मिलिग्रॅम आली आणि ९० ते २०० या मर्यादेत बसते म्हणून 'नॉर्मल' शेरा पडला; त्याच पानावरचा ८० च्या वर गेलेला सीआरपी (दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) कोणी पाहिलाच नाही. धाप काही कमी होईना, म्हणून दीडेक महिन्याने तो आमच्याकडे आला, तेव्हा सीआरपी उतरला होता आणि पातळी ७१ भरली. पुढे जनुकीय तपासणीत या प्रथिनाच्या जनुकाची 'झेड' नावाची एक सदोष प्रत निघाली. तेव्हापासून त्याच नळीतून सीआरपी केल्याशिवाय मी या अहवालावर सही करत नाही, आणि तो चढलेला असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलावतो. 'आजच सांगा' म्हणणाऱ्या नवशिक्या डॉक्टरांना हे रुचत नाही. त्याला माझा इलाज नाही. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही पातळी चढते.

उलट, पातळी कमी आली म्हणजे दोष जन्मजातच, असेही नाही. मूत्रपिंडातून किंवा आतड्यातून प्रथिने वाहून जात असली तरी ती घटते.

प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिने पट्ट्यांत वेगळी करण्याच्या चाचणीत, यंत्राने छापलेल्या टक्केवारीवर विसंबून पट्ट्याकडे न पाहणे हा आळस आहे. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना ही कमतरता सापडली, ती अल्फा-१ पट्टा गायब दिसल्यामुळेच.

विडी ओढतो म्हणजे सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) विडीचाच, असे गृहीत धरू नये. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी व्हावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही ती लागू होते. शिवाय तंबाखूच्या धुराने या प्रथिनातील ३५८ क्रमांकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याची पकड सुटते; नेहमीची चाचणी मात्र प्रमाण मोजते, पकड नव्हे.

झेड प्रकारचे प्रथिन यकृताच्या पेशींतच अडकून साचते, त्यामुळे छातीच्या रुग्णाचे यकृतही तपासावे. दर आठवड्याला शिरेतून दिले जाणारे प्रथिन फुप्फुसांसाठी असते. त्याने यकृतातला साठा हलत नाही.