डावणी नव्हे, वेलीचीच फूट: कॅन्सर समजून घेताना या चुका टाळा

कॉलेज रोडवरच्या माझ्या क्लासात कॅन्सरचा धडा एका आकृतीनं सुरू होतो. वहीत गाठ काढा आणि शरीर तिच्याशी कसं लढतं ते दाखवा, एवढंच सांगतो. बहुतेक वह्यांत चित्र तेच. मधोमध काटेरी काळा गोळा, भोवती तलवारी उपसलेल्या पांढऱ्या पेशी, आणि गोळ्याकडे बाहेरून येणारा एक बाण. पुढच्या निम्म्या चुका त्या बाणातून निघतात.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना मी द्राक्षबागेचा दाखला देतो. डावणी हा रोग बाहेरून येतो. ती बुरशी वेगळी, वेल वेगळी, म्हणून फवारणीनं बुरशी मरते आणि वेल राहते. (काटेकोर बोलायचं तर डावणीचा जीव खरी बुरशी नव्हे, पण तो वाद दुसऱ्या धड्यात.) कॅन्सर म्हणजे वेलीचीच एखादी फूट, छाटणीला न जुमानणारी. पान तेच, रस तोच. आता फवारणार कशावर? प्रतिकारयंत्रणेची अडचण नेमकी हीच आहे. तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं की घरच्या माणसाला हात लावायचा नाही.

दुसरी चूक भाषेची. ‘कॅन्सर हा जनुकांचा आजार’ असं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, आमच्या घरात कोणालाच नाही, मग मला भीती नाही ना?” जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो. बिघाड जनुकांत होतो हे खरं. पण बहुतेकदा तो जन्मानंतर, एखाद्याच पेशीत होतो. तंबाखूनं, उन्हानं, विषाणूनं, किंवा पेशी दुभंगताना नुसती नक्कल चुकल्यानंही. आईवडिलांकडून आलेला बिघाड मुळाशी असतो तो साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत. आजीच्या गालातला मशेरीचा बिघाड नातवाला वारशानं मिळत नाही. मशेरीची डबी मात्र मिळू शकते.

परीक्षेत मार्क जातात ते पी५३ या जनुकावर. त्याला ऑन्कोजीन म्हणणारे दरवर्षी भेटतात. ऑन्कोजीन म्हणजे पेशी वाढवत सुटणारं जनुक, अडकून बसलेला अ‍ॅक्सिलरेटर, एक प्रत बिघडली तरी गाडी सुटते. पी५३ हा ब्रेक, आणि ब्रेकच्या जनुकांत सहसा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. नुडसन या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून हा दोन घावांचा हिशेब मांडला. लक्षात राहत नसेल तर हत्ती आठवा. माणसात या जनुकाची एकच जोडी असते, हत्तीत सुमारे वीस, त्यातल्या बऱ्याचशा तुटक नकला असल्या तरी. एवढ्या अवाढव्य देहात कॅन्सर कमी का, याचं एक उत्तर तिथे शोधलं जातं.

आता जिथे उत्तरं खरोखर अडतात ती जागा. ‘टी-पेशी कॅन्सरला मारतात’ एवढं लिहून मुलं पेन ठेवतात. (टी-पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींतलीच एक जात.) ओळखतात कशा, हे कोण सांगणार? जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एमएचसी नावाच्या तबकात घालून दाराबाहेर धरते. टी-पेशी दारोदार ती तबकं चाचपत फिरते. बिघडलेल्या जनुकातून बनलेला एखादा तुकडा अनोळखी निघाला की त्या पेशीचा निकाल लागतो. म्हणून ज्या गाठीत बिघाड जास्त, ती पकडली जाण्याची शक्यताही जास्त. उन्हानं जनुकं पोखरलेला मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारयंत्रणेलाच कामाला लावणाऱ्या उपचाराला, बऱ्याचदा दाद देतो, त्यामागे हे एक कारण आहे.

मग गाठ काय करते? तबकच आत ओढून घेते. इथे ‘गाठ सुटली’ लिहून थांबू नका. एनके पेशी ही पांढऱ्या पेशींतली दुसरी जात, त्या उलटी तपासणी करतात, तबक दिसलं नाही की त्यांना संशय येतो.

आणि तबक आहे, ओळख पटलीय, टी-पेशी गाठीच्या आतही पोचल्यात, तरी गाठ वाढतेय असं असेल तर? तर टी-पेशीचा ब्रेक शोधा. टी-पेशीवर पीडी-१ नावाची कळ असते. गाठ आपल्या पीडी-एल१ या प्रथिनानं ती दाबून धरते आणि पेशी ढिली पडते. ही कळ गाठीनं बनवलेली नाही. आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून ती शरीरात आधीपासून आहे, गाठ तिचा गैरफायदा घेते. होन्जो या शास्त्रज्ञांचं काम पीडी-१वर, अ‍ॅलिसन यांचं सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं. इम्युनोथेरपीची ही औषधं कॅन्सरला मारत नाहीत, ब्रेकवरचा पाय काढतात. ‘ती केमोसारखीच’ असं लिहिलंत तर मी शून्य देतो, थोडा दुष्टपणा म्हणा.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य मला खटकतं. ती रेडिओचा आवाज नाही, बटण फिरवलं की वाढली. काढ्याच्या पेल्यानं टी-पेशीला नवा तुकडा ओळखता येत नाही.

हे मला घरीच नीट कळलं. माझे एक मावसभाऊ फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी अशाच औषधावर होते. चार दिवस जुलाब होत होते, पण “रविवारी मिसळ जरा झणझणीत होती” म्हणत त्यांनी कोणाला सांगितलं नाही, वहिनींनी ताक-जिरं सुरू ठेवलं. पाचव्या दिवशी मला फोन. मी आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. निघाला आतड्याचा दाह, ब्रेक सुटलेल्या टी-पेशींनी केलेला. या औषधांवर असताना जुलाब, धाप, कमालीचा थकवा किंवा अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवायचं असतं, घरगुती उपाय करत बसायचं नसतं. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं तर वहिनी हबकल्या, “अहो भाऊजी, त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते ना?”

“त्यासाठीच देतायत, वहिनी.”

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओट्यावरची काढ्याची बाटली त्यांनी उचलली आणि विचारलं, “मग हे डॉक्टरांना दाखवू का?” मी म्हटलं, दाखवाच.